‘आपण हरलों’

खेळांतील पराजयाचें दुःख हें खरें दुःख मानावें कीं नाहीं, असा प्रश्न कोणी गंभीरपणें विचारला तर पुष्कळ लोक त्यास हंसतील. ज्यानें चेंडूस पायहि लावला नाहीं, ज्याचा खेळाडूंशीं नात्याचा वा व्यवहाराचा कसलाच संबंध नाहीं, असा मनुष्य प्रेक्षकांच्या बांकावर बसून डोळे पुसूं लागला म्हणजे त्याची कींव करावी कीं थट्टा करावी, हें शहाण्यासहि चटकन् सुचत नाहीं. माझें स्वतःचें मत प्रथम थट्टेकडेच झुकलेलें होतें. परंतु अमेरिकेंतील बफेलो या शहराची एक हकीगत वाचल्यापासून तें डळमळीत झालें आहे, आणि त्या डळमळण्याचीं कारणें तपासून पाहणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम हकीगत सांगतों. अमेरिकन लोक ज्यास फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्याकडील फुटबॉलहून अगदीं निराळा आहे. चेंडू लांबट व दोन्ही टोंकांस निमुळता. तो बहुधा हातांत घेऊन पळावयाचा किंवा फेंकावयाचा. पायाचा उपयोग क्वचित्. मात्र कांहीं प्रसंगीं चेंडू जमिनीवर उभा धरून, खास त्याच कामासाठीं ठेवलेल्या गड्यानें तो दोन उंच खांबांमधून लाथेनें उडवावयाचा असतो. तसें साधलें तर तीन गुण मिळतात. या गड्यास किकर म्हणतात. बाकीचे गडी तीन तास एकमेकांवर आदळत असतां हा बहुतेक वेळ कडेला कोरड्या कपड्यांनिशीं उभा असतो, आणि पुष्कळदां अगदीं अखेरीस, सगळें कांहीं एका लाथेवर येऊन ठेपलें म्हणजे, त्यास बोलावणें येतें. इतका चमत्कारिक हुद्दा दुसऱ्या कोणत्या खेळांत असेल असें मला वाटत नाहीं.

ता. २७ जानेवारी १९९१ रोजीं फ्लोरिडा संस्थानांतील टॅम्पा येथें त्या हंगामाचा अखेरचा निर्णायक सामना, ज्यास ते लोक सुपर बोल म्हणतात, बफेलो बिल्स आणि न्यू यॉर्क जायंट्स या दोन संघांत झाला. बाद फेरीचे सामने जिंकीत जिंकीत बफेलोचा संघ तेथवर प्रथमच पोंचला होता. शेवटचे आठ सेकंद उरले तेव्हां न्यू यॉर्कचे २० व बफेलोचे १९ गुण होते. खांबांपासून ४७ यार्डांचें अंतर होतें. स्कॉट नॉरवुड हा किकर मैदानांत आला, त्यानें लाथ मारली, चेंडूस उंची मिळाली, लांबीहि मिळाली. परंतु तो उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. एका गुणानें पराजय झाला.

आतां या बफेलोविषयीं दोन शब्द. ईरी सरोवराच्या कांठीं वसलेलें हें शहर एके काळीं धान्याच्या प्रचंड कोठारांनीं आणि आसपासच्या पोलादाच्या भट्ट्यांनीं गजबजलेलें होतें. १९५९ सालीं सेंट लॉरेन्स नदीचा जलमार्ग मोठ्या जहाजांस खुला झाला आणि धान्याचीं जहाजें बफेलोच्या धक्क्यास न लागतां परस्पर समुद्रास जाऊं लागलीं. १९८३ सालीं लगतच्या लॅकावाना येथील पोलादाच्या कारखान्याचें बहुतेक काम बंद पडलें. १९५० सालीं शहराची वस्ती ५ लाख ८० हजार होती. ती १९९० सालीं ३ लाख २८ हजारांवर आली. चाळीस वर्षें ज्या गांवांतून तरुण माणसें सामान बांधून बाहेर पडत होतीं, त्या गांवाला जगापुढें नांव सांगावयास जें कांहीं उरलें होतें त्यांत हा संघ होता. हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या रात्रीं तेथें चुली कां थंड राहिल्या असतील याची थोडी कल्पना येते.

दुसऱ्या दिवशीं हरलेला संघ परत आला. नगरभवनासमोरील नायगरा चौकांत, ऐन जानेवारीच्या थंडींत, पंचवीस-तीस हजार माणसें जमलीं. आणि त्या जमावानें नांव पुकारण्यास सुरुवात केली तें संघनायकाचें नव्हे, तर नॉरवुडचें. तो मागें उभा होता; लोकांनीं हांका मारमारून त्यास पुढें येण्यास भाग पाडलें. तो आला, त्याचा कंठ दाटला, आणि आपल्यावर इतकें प्रेम पूर्वीं कधीं कोणी केल्याचें जाणवलें नव्हतें अशा अर्थाचें कांहीं तरी बोलला. टाळ्या थांबेनात.

या प्रसंगास भावविवशता म्हणून बाजूस सारणें सोपें आहे. मींहि प्रथम तसेंच केलें. पण मग मनांत आलें कीं, याहून उलट वागणें हेंच जगाच्या रीतीस धरून झालें नसतें काय? मग हे लोक असे कां वागले?

निसटत्या पराजयाचा एक विशेष असा कीं, तो मोठ्या पराजयाहून अधिक बोंचतो. वस्तुतः हें तर्कास सोडून आहे. एका गुणानें हरलेला आणि तीस गुणांनीं हरलेला, दोघांच्याहि हातीं सारखेंच शून्य येतें. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत एक लहानसा प्रश्न लोकांपुढें ठेवला होता. दोन प्रवासी एकाच गाडींतून विमानतळाकडे निघाले. वाटेंत खोळंबा झाला व दोघेहि आपापल्या विमानाच्या वेळेनंतर अर्ध्या तासानें पोंचले. एकाचें विमान वेळेवर गेलें होतें. दुसऱ्याचें उशिरां सुटून पांचच मिनिटांपूर्वीं गेलें होतें. अधिक कोण चडफडेल? शंभरांतील शहाण्णवांनीं दुसऱ्याकडे बोट दाखविलें. दोघांनीं गमावलें तें एकच. पण दुसऱ्याच्या मनाला ‘एवढें जर झालें असतें तर’ या वाटेनें मागें फिरतां येतें, आणि पहिल्याला ती वाट बंद असते.

ही ‘जर-तर’ची वाट मोठी फसवी आहे, कारण ती नेहमीं शेवटच्या दुव्यापाशीं जाऊन थांबते. मन गतगोष्टी उलगडूं लागलें म्हणजे जी गोष्ट सर्वांत अखेर घडली तीच काढून टाकणें त्यास सर्वांत सोपें जातें. त्याच टॅम्पाच्या सामन्यांत दुसरें काय काय घडलें होतें तें पाहा. साठ मिनिटांच्या खेळांत न्यू यॉर्कच्या संघानें चाळीस मिनिटांहून अधिक काळ चेंडू आपल्याच ताब्यांत ठेवला. म्हणजे बफेलोच्या चढाईस उणीपुरी वीस मिनिटें मिळालीं. तिसऱ्या सत्रांत न्यू यॉर्कचा एक गडी बफेलोच्या अनेक जणांच्या हातून निसटून चौदा यार्ड पुढें सरकला. त्याला तेथेंच कोणी पाडला असता तर ती चढाई बहुधा तेथेंच संपली असती, आणि तिच्यांतून आलेले सात गुणहि आले नसते. त्याआधीं दुसऱ्या सत्रांत न्यू यॉर्कच्या नायकास त्याच्याच हद्दींत पाडून बफेलोनें दोन गुण मिळविले खरे. परंतु त्या झटापटींत त्याच्या एका हातांतला चेंडू निसटला असता तर दोनांचे सात झाले असते. हीं सर्व छिद्रें बुजविण्यास इतर अनेक हात होते. तरी सर्वांच्या स्मरणांत राहिला तो एक पाय.

आपल्याकडे या विषयीं फार जुना आणि फार नेमका विचार आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कोणत्याहि कर्माचीं पांच कारणें सांगितलीं आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पांचवें दैव. (अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ शंकराचार्य करतात, मी येथें तो शब्द सैलपणें जागा या अर्थीं घेतों.) लागलीच पुढें असेंहि म्हटलें आहे कीं, हीं पांच असतां जो केवळ एकट्यालाच कर्ता समजतो त्यास खरें दिसत नाहीं. त्या रात्रींचें गवत, चेंडू धरणाऱ्याचे हात, तीन तासांची इतरांची धांवपळ, आणि बोटभर इकडचें तिकडे करणारें तें पांचवें, या सर्वांतून ती लाथ निघाली होती. ‘नॉरवुडनें सामना घालविला’ या वाक्यांत पांचांपैकीं चार कारणें गिळलेलीं आहेत.

दैवाचें नांव काढल्यावर त्याच संघाची आणखी एक गोष्ट आठवते. ता. २३ जानेवारी २०२२ रोजीं कॅन्सस सिटी येथील बाद फेरीच्या सामन्यांत अवघे तेरा सेकंद उरले असतां बफेलो पुढें होतें. तेवढ्यांत प्रतिपक्षानें बरोबरी साधली, वाढीव वेळ द्यावा लागला, नाणें उडविण्यांत आलें, आणि कौल कॅन्सस सिटीच्या बाजूनें पडला. त्यांनीं पहिल्याच चढाईंत ४२ विरुद्ध ३६ असा सामना संपविला. बफेलोच्या नायकास चेंडू हातांत घेण्याची संधिहि मिळाली नाहीं. पुढें दोनच महिन्यांनीं बाद फेरीपुरता नियम बदलून वाढीव वेळांत दोन्ही संघांस एकेकदां तरी चेंडू मिळालाच पाहिजे असें ठरलें. दैवाचा वांटा माणसें अशी मापून कमी करूं पाहतात, हें मला आवडतें. पण तो अजिबात काढून टाकतां येत नाहीं. नाणें तर अजूनहि उडवावेंच लागतें.

मग दोष कोणाचाच नाहीं म्हणावयाचें कीं काय? येथें मला एक अडचण दिसते. पराजयाच्या रात्रीं नॉरवुड तोंड चुकवून गेला नाहीं. बातमीदारांच्या प्रश्नांस तो उभा राहून दीर्घकाळ उत्तरें देत राहिला. त्यानें गवताचें नांव घेतलें नाहीं, वाऱ्याचें घेतलें नाहीं, सोबत्यांचें तर नाहींच. आपण समजा त्याच्या जागीं दुसरा कोणी कल्पिला, जो शांतपणें म्हणाला असता, ‘कर्माचीं कारणें पांच असतात, त्यांतला मी एक.’ शब्द न् शब्द खरा. आणि तरीहि तो मनुष्य आपल्या मनांतून तत्काळ उतरला असता. तेंच वाक्य चौकांतल्या एखाद्या म्हाताऱ्यानें नॉरवुडच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलें असतें तर मात्र आपण त्यास सज्जन म्हटलें असतें. एकच सत्य दोन तोंडांत शिरल्यानें त्याची किंमत बदलते, हें कसें?

इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यानें १९७६ सालच्या एका निबंधांत मालमोटार हांकणाऱ्याचें उदाहरण घेतलें आहे. त्याचा कांहींहि अपराध नसतां त्याच्या गाडीखालीं एक मूल सांपडतें. भोंवतालचे लोक ‘तुझा दोष नाहीं’ म्हणून त्याचें सांत्वन करतील, आणि तें योग्यच होईल. पण तो स्वतः तें सांत्वन फार लवकर, फार सहज पत्करील तर त्याच्याविषयीं कांहीं तरी चुकल्यासारखें वाटेल. ॲडम स्मिथनेंहि १७५९ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत हेतूपेक्षां फळावरूनच माणसें माणसांस तोलतात, याचा मोठ्या सूक्ष्मपणें विचार केला होता. मला या सर्वांतून दिसतें तें असें कीं, दोषमुक्ति ही देण्याची वस्तु आहे, घेण्याची नव्हे. कर्त्यानें ती आपल्या हातानें उचलली कीं ती पळवाट होते. दुसऱ्यानें दिली तर ती न्याय होते. म्हणून कर्त्यानें सारें ओझें आपलें म्हणावें आणि इतरांनीं त्यांतले चार हिस्से त्याच्या डोक्यावरून उतरवावेत, या दोन गोष्टींत विसंगति नाहीं. दोघांनीं आपापलें काम केलें म्हणजेच हिशेब बरोबर बसतो. नायगरा चौकांत तो बसला, असें मला वाटतें.

परंतु हिस्से उतरवावयाचा अधिकार त्या जमावास कोणीं दिला? येथें आपल्या भाषेची थोडी मदत होते. इंग्रजींत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोहोंस एकच शब्द आहे. मराठींत ते दोन आहेत, आणि त्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. ‘आम्ही हरलों’ असें प्रेक्षक किकरास म्हणेल तर त्याचा अर्थ, आम्ही एकीकडे व तूं दुसरीकडे. तुझ्यापायीं आमचें नुकसान झालें, असा होतो. ‘आपण हरलों’ म्हणेल तर बोलणारा आणि ऐकणारा एकाच बाजूस उभे राहतात. बफेलोच्या लोकांनीं त्या दिवशीं कोणता शब्द उच्चारला तें त्यांच्या भाषेंत कळण्यास मार्ग नाहीं. पण त्यांच्या मनांत कोणता होता याविषयीं मला संशय नाहीं.

आपणां मराठी माणसांस या ‘आपण’ची संवय आहे. ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं आपल्यापैकीं कोणीहि पानिपतावर नव्हता. तरी ‘आपण पानिपत हरलों’ असें म्हणतांना आपली जीभ अडखळत नाहीं. (त्या घोर संहारापुढें खेळाचें नांव घेणें हें कोणास अनुचित वाटेल, आणि तें मला मान्य आहे, साम्य प्रसंगांत नाहीं, केवळ बोलण्याच्या तऱ्हेंत आहे.) शिवाय शेवटचा दुवा शोधण्याची खोडहि आपली तीच. भाऊ हत्तीवरून उतरले नसते तर, विश्वासरावांस गोळी लागली नसती तर, होळकर निघून गेले नसते तर! पण महिनोन् महिने उपाशी असलेल्या फौजेची गोष्ट निघाली कीं बैठकींतले निम्मे लोक जांभया देऊं लागतात. भूक हें कारण खरें असलें तरी त्याला चेहरा नसतो, आणि दोष द्यावयास चेहरा लागतो.

तर मग ‘आपण’ म्हणणाऱ्या प्रेक्षकास मीं हंसावें कीं नाहीं? मला वाटतें, तें त्यानें तो शब्द केव्हां केव्हां उच्चारला यावर अवलंबून आहे. रॉबर्ट चाल्डिनी व त्याच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंतील विद्यापीठांत केलेलें एक निरीक्षण १९७६ सालीं प्रसिद्ध झालें. आपल्या विद्यापीठाचा संघ जिंकला कीं विद्यार्थी ‘आपण जिंकलों’ म्हणत; हरला कीं ‘ते हरले’ म्हणण्याकडे त्यांचा कल जाई. सर्वनामाचा हा व्यापार मोठा विनोदी आहे, आणि अगदीं आपल्या ओळखीचा आहे. मुलगा परीक्षेंत उत्तीर्ण झाला कीं ‘आमचा’ आणि नापास झाला कीं आईस उद्देशून ‘तुझा’, असें म्हणणारे बाप घरोघर आहेत. विजयाच्या दिवशीं जो या सर्वनामांत फुकट शिरतो, त्याच्यावर पराजयाच्या दिवशीं कांहीं देणें लागू होतें. तें न फेडणारा प्रेक्षक खरोखर हास्यास्पद, फेडणारा नव्हे. त्याचें दुःख खरें कीं खोटें हा प्रश्नच मग मला गौण वाटूं लागतो. तें देणें तो चुकतें करतो कीं नाहीं, एवढें पाहिलें म्हणजे पुरे.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, या ‘आपण’चें एवढें कौतुक नको, कारण हाच शब्द रक्तहि सांडतो. आक्षेप खरा आहे. ता. २२ जून १९९४ रोजीं विश्वचषकाच्या सामन्यांत (हा आपल्या ओळखीचा फुटबॉल) कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबार या गड्याच्या पायास लागून चेंडू त्याच्याच संघाच्या जाळ्यांत गेला; अमेरिकेनें २-१ असा विजय मिळविला. दहा दिवसांनीं मेडेलिन शहरांत त्याला गोळ्या घालून ठार करण्यांत आलें. त्यामागें सट्टेबाजांचा राग होता कीं रस्त्यावरची वादावादी, याविषयीं अजून एकमत नाहीं. पण राष्ट्राच्या पराजयाचा भार एकाच्या पायावर टाकल्यानें काय घडूं शकतें याचें याहून भयंकर उदाहरण मला ठाऊक नाहीं. बफेलोचा जमाव आणि तो मारेकरी यांच्यांत केवळ स्वभावाचें अंतर होतें, कीं तेथें जानेवारीची थंडी व एक वक्ता वेळेवर सांपडला म्हणून सर्व निभावलें, हें मी खात्रीनें सांगूं शकत नाहीं. जमावाच्या चांगुलपणांतहि तें पांचवें कारण असतेंच.

शिवाय बफेलोचे सगळेच लोक सदासर्वदा तसे वागले असेंहि नाहीं. ता. २१ जानेवारी २०२४ रोजीं त्यांच्याच मैदानावर, बाद फेरींत, पुन्हां कॅन्सस सिटीविरुद्ध २७-२४ असा गुणफलक असतां, एक मिनिट त्रेचाळीस सेकंद उरले होते. टायलर बॅस नांवाच्या किकरानें ४४ यार्डांवरून बरोबरीसाठीं लाथ मारली, आणि चेंडू पुन्हां उजवीकडूनच बाहेर गेला. तेहतीस वर्षांपूर्वींची जखम तीच आणि बाजूहि तीच! त्या रात्रीं समाजमाध्यमांवरून बॅसवर इतक्या शिव्यांचा व धमक्यांचा वर्षाव झाला कीं त्यास आपलीं खातीं बंद करावीं लागलीं. १९९१ सालीं जो राग घरांतल्या भिंतींनीं ऐकला असेल, तो आतां थेट त्या माणसाच्या खिशांत जाऊन पोंचूं लागला आहे.

नंतर जें घडलें तें मात्र कोणीं योजून घडलें नसावें. बॅसनें पूर्वीं बफेलो भागांतील ‘टेन लाइव्ह्ज क्लब’ या, बेवारशी मांजरांचा सांभाळ करणाऱ्या संस्थेच्या कामास हातभार लावला होता. त्या संस्थेनें त्याची बाजू घेतली, आणि लोक तिला बावीस बावीस डॉलर पाठवूं लागले. बावीस अशासाठीं कीं बॅसच्या अंगरख्यावरील अंक २ होता. थोड्याच दिवसांत ती रक्कम लाखाच्या वर गेली. कित्येक देणगीदार तर कॅन्सस सिटीच्या बाजूचे होते, असेंहि वाचण्यांत आलें. संस्थेच्या मंडळींस मांजरांच्या खाण्यापिण्याची चिंता बराच काळ उरली नसेल.

मला राहून राहून एका गोष्टीचें कुतूहल वाटतें. रविवारीं रात्रीं शिव्या लिहिणारे आणि मंगळवारीं बावीस डॉलर पाठविणारे हे दोन निराळे वर्ग होते, असें आपण सहज धरून चालतों. पण त्यांत असेहि कांहीं असतील कीं ज्यांनीं दोन्ही गोष्टी केल्या. रात्रीं ‘आम्ही’ म्हणून झोंपले, आणि एक दिवस मध्यें गेल्यावर पाकीट काढतांना दुसरें सर्वनाम त्यांच्या तोंडीं आलें. अशा एखाद्यास गांठून, मधल्या दिवशीं नेमकें काय झालें, असें विचारावेंसें वाटतें. बहुधा त्यालाहि तें सांगतां येणार नाहीं.